शाळेतील यंत्रे आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषणाचे शब्दांकन)



प्रथम गुणवंत विद्यार्थ्यांचे व त्यांच्या पालकांचे मनःपूर्वक अभिनंदन करते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहत असताना, बाजूला शेजाऱ्याचा टी.व्ही. चालू असताना मिळविलेले ऐंशी टक्के म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

संस्थेच्या सचिवांनी मला 'शाळेतील तंत्रज्ञान आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता' असा विषय दिला. मी एकतीस वर्षे शिक्षिका म्हणून काम केले. 'विज्ञान : शाप की वरदान' या निबंधाच्या किती वह्या मी तपासल्या असतील याची गणती नाही. प्रत्येक निबंध 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' या वाक्याने संपत असे. तोच निबंध आज मी तुम्हांला पुन्हा ऐकविणार नाही. शाळेत जी यंत्रे आली आहेत त्यांच्याविषयी पालकांनी कोणते प्रश्न विचारावेत आणि ते आपल्या वस्तीतल्या पालकांनी तर अधिकच का विचारावेत, एवढेच सांगावे असा विचार आहे.

शाळेत यंत्र आले ते काही आज नव्हे. १९७५-७६ मध्ये भारताने अमेरिकेचा उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखविले. आपल्या महाराष्ट्रात १९८४ साली पुण्याला 'बालचित्रवाणी' सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ते कार्यक्रम चांगले आठवत असतील. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने 'दीक्षा' हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले आणि पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांवर ते काळे-पांढरे चौकोन, म्हणजे क्यूआर कोड छापून येऊ लागले.

या दोन काळांमध्ये एक फरक आहे आणि माझे पुढचे सर्व बोलणे त्यावर उभे आहे. बालचित्रवाणीचा दूरदर्शन संच बोलत असे आणि मूल ऐकत असे. संचाला मूल दिसत नव्हते. समोर कोण बसले आहे, त्याचे नाव काय, जात काय, ते किती वेळ बसले, कोठे चुकले, घर कोठे आहे, यांतले संचाला काही ठाऊक नव्हते. आजचे यंत्र मुलाला शिकविता शिकविता मुलाकडे पाहते आणि पाहिलेले लिहून ठेवते. कोणासाठी लिहून ठेवते, हे मात्र मुलाला किंवा त्याच्या आई-वडिलांना कोणी सांगत नाही.

यंत्राने दिले ते मी नाकारीत नाही. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडी या लहानशा गावातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून मुलांपर्यंत धडे, कविता, चित्रफिती पोहोचविल्या. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. परंतु तेथे मुलांना ओळखणारा शिक्षक आधी होता आणि कोड मागाहून आला. याच्या उलट चित्रही आपण पाहिले आहे. संगणक येतो, त्याला पुष्पहार घालतात, पाहुण्यांबरोबर छायाचित्र निघते आणि खोलीला कुलूप लागते. किल्ली कोणाकडे, तर बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे!

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि यंत्राचे दुसरे रूप दिसले. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. म्हणजे पालकांनी कर्ज काढले, शेळ्या विकल्या, पण फोन घेतला. तरीही दर पाच मुलांतील जवळपास दोन मुलांच्या घरी फोन नव्हताच. जून २०२० मध्ये केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात नववीत शिकणाऱ्या एका दलित मजुराच्या मुलीने जीवन संपविले. घरचा टी.व्ही. बिघडलेला होता, स्मार्टफोन नव्हता आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाले होते, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. सुरक्षिततेचा विचार करताना आपण मुलाला यंत्रापासून होणाऱ्या धोक्याचाच विचार करतो. त्या मुलीला यंत्र नसल्याचा धोका होता. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता सुरक्षितता म्हणजे काय? १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. २४ मे २०१९ रोजी सुरतेला एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गात आग लागली, त्यात २२ विद्यार्थी गेले. कित्येकांनी खिडकीतून उड्या घेतल्या. कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला, की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे. म्हणून शाळेत 'स्मार्ट बोर्ड' आला असे कोणी अभिमानाने सांगितले की मी विचारते, अग्निशामक नळकांडे आहे काय? त्यावरची तारीख उलटून गेली नाही ना? ते चालविता येणारा निदान एक तरी माणूस शाळेत आहे काय? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे काय? कडी हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे. ते पाच-पन्नास रुपयांत येते, म्हणूनच त्याचे उद्घाटन होत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर शाळेतीलच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त पालक व नागरिक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि २१ ऑगस्टला राज्य शासनाने निर्णय काढून शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्यास फर्मावले. पालकांनाही ते पटले. 'कॅमेरे लावा' ही मागणी मोर्चातही होती.

पण मित्रहो, ज्या शाळेत हे घडले तेथे कॅमेरे होतेच. सुमारे पंधरा दिवसांचे चित्रीकरण मिळत नाही, असे त्या वेळी शासनाकडूनच सांगण्यात आले. घटना स्वच्छतागृहात घडली आणि तेथे कॅमेरा असूच शकत नाही, असता कामा नये. तेथे हवी होती एक बाई, जी एवढ्याशा मुलींना हात धरून नेईल आणि परत आणील. तो कर्मचारी कंत्राटी होता, नुकताच कामाला लागलेला होता. तेव्हा शाळेच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी हवी होती. आणि बालिकांच्या आई-वडिलांनी सांगितले तेव्हा ताबडतोब ऐकून घेणारे कान हवे होते, शाळेतही आणि पोलीस ठाण्यातही. तक्रार नोंदवून घेण्यासाठी त्या कुटुंबाला कित्येक तास तिष्ठत बसावे लागले. यांतील एकही गोष्ट कॅमेरा करू शकत नाही.

कॅमेऱ्याचे काम कसे चालते हेही थोडे समजून घेतले पाहिजे. कॅमेऱ्यातील चित्र एका पेटीत साठते. त्या पेटीतली जागा ठरलेली असते. जागा भरली की नवे चित्र जुन्यावर लिहिले जाते. जागा लहान असेल आणि कॅमेरे अनेक असतील तर आठ-पंधरा दिवसांतच आधीचे सगळे पुसले जाते. आता लहान मुलाचा स्वभाव पाहा. मूल घडलेली गोष्ट त्याच दिवशी सांगत नाही. ते शाळेत जायला नको म्हणते, अंथरूण ओले करते, पोट दुखते म्हणते. आईला संशय येईपर्यंत, आईने बापाला सांगेपर्यंत, दोघांनी धीर करून शाळेत जाईपर्यंत तीन आठवडे सहज उलटतात. तोवर पेटीतले चित्र पुसले गेलेले असते. म्हणून पालक सभेत 'कॅमेरे किती?' एवढेच विचारून खाली बसू नका. 'चित्रीकरण किती दिवस टिकते?' हा प्रश्न विचारा. तक्रार येताच ते वेगळे जतन कोण करणार, हेही विचारा.

आणि तिसरा प्रश्न असा की, ते चित्र पाहतो कोण? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण चोरून इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणी अटक झालेल्यांत आपल्या लातूर व सांगलीकडचे तरुणही होते. चोरी अवघड नव्हती. कारखान्यातून आलेला सोपा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. देशातील इतर अनेक ठिकाणचे कॅमेरे, त्यांत शाळांचेही, याच मार्गाने उघडे पडल्याच्या बातम्या पुढे आल्या. ज्या खोलीत मुली खेळासाठी कपडे बदलतात त्या खोलीकडे कॅमेऱ्याचे तोंड आहे काय, हे पाहणे मुख्याध्यापकांचे काम आहे. ते त्यांनी केले की नाही हे विचारणे आपले.

परदेशात याहून सुधारलेली यंत्रे आहेत आणि म्हणून तेथील शाळांना याहून मोठे धडे मिळाले आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन येथील शाळांनी मुलांना घरी नेण्यासाठी लॅपटॉप दिले. चोरीला गेलेला लॅपटॉप सापडावा म्हणून त्याचा कॅमेरा शाळेतून चालू करण्याची सोय ठेवली. २०१० मध्ये उघड झाले, की त्या सोयीने मुलांची त्यांच्या घरातील हजारो छायाचित्रे निघाली होती. शाळेने मुलांच्या घरात डोकावून पाहिले आणि त्यापायी ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. हेतू चोर पकडण्याचा होता, हे विसरू नका.

स्वीडनचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शेलेफ्तियो या गावातील एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली, तीही अवघे तीन आठवडे. पालकांची संमती घेतलेली होती. तरीही तेथील शासकीय यंत्रणेने ऑगस्ट २०१९ मध्ये दोन लाख क्रोनर दंड केला. कारण काय दिले? शाळा आणि विद्यार्थी यांची ताकद समान नाही. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत त्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून अशी संमती ही खरी संमती नव्हे.

हे स्वीडनमध्ये! आता आपल्या वस्तीतली आई डोळ्यांसमोर आणा. सकाळची चार घरची धुणी-भांडी टाकून ती शाळेत आली आहे. बाई किंवा गुरुजी तिच्यापुढे एक फॉर्म सरकवितात आणि म्हणतात, 'इथे सही करा.' आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचा खाते क्रमांक, मुलीचा फोटो आणि आता 'अपार' नावाचा बारा अंकी क्रमांक. 'अपार'साठी पालकांची संमती आवश्यक आहे, म्हणजे ती नाकारताही येते, हे तिला कोण सांगणार? सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून मुलाला लाभापासून वंचित ठेवता येणार नाही. हे तिला सांगणाराही कोणी नसतो. ती सही करते. मी तिला दोष देत नाही. 'नाही' म्हटले तर शिष्यवृत्ती अडेल ही तिची भीती अगदी खोटी आहे, असे तरी कोणी छातीठोकपणे सांगावे?

या भरलेल्या माहितीचे पुढे काय होते? 'दीक्षा' व्यासपीठाचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली, की त्यावरील लाखो शिक्षकांची व विद्यार्थ्यांची नावे आणि इतर माहिती वर्षभराहून अधिक काळ इंटरनेटवर उघड्या साठ्यात पडून होती. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दार लावायचे राहून गेले, एवढेच.

आणि यासाठी मोठे व्यासपीठच लागते असे नाही. माझ्या माहितीतील एका शाळेत शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांची यादी तयार झाली. कार्यालयातून तिचा मोबाईलवर फोटो काढला गेला आणि तो इयत्तेच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला गेला. 'खालील पालकांनी उद्या खाते क्रमांक तपासून जावे,' अशी सूचना होती. सूचना कामाचीच होती. पण त्या फोटोत नाव, जात, पोटजात, वडिलांचे उत्पन्न आणि खाते क्रमांक असे पाचही रकाने होते आणि समूहात साठ घरे होती. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात एका मुलीच्या बाकावर तिच्या जातीचे नाव खडूने लिहिलेले आढळले. तोपर्यंत तिच्या मैत्रिणींना तिची जात ठाऊक नव्हती, निदान कोणी उच्चारली तरी नव्हती. ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई मुख्याध्यापकांकडे गेली तेव्हा त्यांना प्रश्नच समजला नाही. ते म्हणाले, "ताई, माहिती तर खरीच आहे ना?"

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागत असे आणि शिपाई हजर नसेल तर तहान लागूनही पाणी मिळत नसे, हे येथील लहान मुलालाही माहीत आहे. त्या तरटाने शाळेत शिरताक्षणी प्रत्येकाला सांगून टाकले होते, की हा मुलगा कोण आहे. तरट गेले, कायद्याने गेले आणि त्यासाठी फार मोठा लढा द्यावा लागला. आता तेच सांगण्याचे काम मोबाईलवरील एका यादीने करू नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे. जातीची नोंद असू नये, असे माझे म्हणणे नाही. नोंद नसेल तर शिष्यवृत्ती नाही, सवलत नाही, प्रतिनिधित्व नाही. नोंद हवीच. परंतु ती ज्याला कामासाठी लागते त्याच्याच डोळ्यांपुढे असावी. शाळेचे रजिस्टर कपाटात असे, कपाटाला कुलूप असे आणि ते उघडले की कोणीतरी पाहत असे. मोबाईलमधल्या यादीला कपाट नाही.

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी अमलात आणण्यास दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात आहे. शाळांना शिक्षणाच्या व सुरक्षिततेच्या कारणासाठी सूटही आहे. ती सूट किती ताणली जाते, यावर आपल्यातल्या वकील मंडळींनी लक्ष ठेवावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या समाजात आता वकील काही कमी नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी बोलते. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुला-मुलींना विचारले, तर ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे सांगणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमे पाहिली असे सांगणारे ७६ टक्के. येथे किती टक्के आहेत ते मी विचारीत नाही, घाबरू नका. त्याच पाहणीतील दुसरा आकडा मला जास्त खुपतो. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला 'ब्लॉक' कसे करावे हे ६२ टक्क्यांनाच येत होते. म्हणजे गाडी चालविता येते, ब्रेक कोठे आहे ते दहांपैकी चौघांना ठाऊक नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनमधील आल्मेंद्रालेहो या गावात वीसहून अधिक शाळकरी मुलींची खोटी नग्न छायाचित्रे फिरू लागली. मुलींचे साधे, कपड्यांतले फोटो घेऊन संगणकाच्या एका ॲपने ती बनविलेली होती. बनविणारे कोण? त्यांच्याच शाळांतील मुले. २०२४ मध्ये तेथील बाल न्यायालयाने पंधरा अल्पवयीन मुलांना दोषी ठरविले. या गोष्टीत ज्यांनी धैर्य दाखविले त्या मुलींच्या आया. 'आमच्या मुलीची बदनामी होईल' असे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. एकमेकींना शोधून काढून त्या एकत्र आल्या आणि त्यांनी पोलिसांत तक्रारी केल्या.

आपल्याकडे काय होते? मुलगी घरी येऊन म्हणते, 'मला कोणीतरी घाण मेसेज पाठवतो.' पहिली गोष्ट, तिचा फोन काढून घेतला जातो. दुसरी, 'तूच काहीतरी केले असशील.' तिसरी, शिकवणी बंद. चौथी तुम्हांला सांगायला नको. मामा स्थळ घेऊन येतो. मग ती मुलगी किंवा तिची धाकटी बहीण पुढच्या वेळी सांगेल काय? धमकी देणाऱ्या माणसाची सारी भिस्त याच गोष्टीवर असते. 'तुझ्या वडिलांना सांगेन' हेच त्याचे हत्यार असते आणि ते आपणच त्याच्या हाती दिलेले असते. माझी येथे बसलेल्या वडील माणसांना हात जोडून विनंती आहे, की आज घरी गेल्यावर मुलीला आणि मुलालाही एवढेच सांगा, 'काहीही झाले तरी तू सांगितलेस म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही.' हे वाक्य कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

तक्रार कोठे करायची? मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, रस्त्यावरच्या मुलांसाठी, आणि पुढे देशभर गेली. मोबाईल-इंटरनेटवरील फसवणुकीसाठी १९३० आहे. लैंगिक अत्याचाराविषयीचा २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो, की असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'शाळेचे नाव खराब होईल' म्हणून आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, घेणारी शक्यतो महिला अधिकारी असावी आणि तिच्या अंगावर गणवेश नसावा, असेही कायद्यात आहे. हे पालकांना माहीत असले तर ठाण्यात त्यांचा आवाज चढा राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका. असा एखादा फोटो किंवा चित्रफीत हाती आली की आपले कार्यकर्ते संतापतात आणि 'बघा काय चालले आहे' म्हणून दहा समूहांवर पाठवितात. संताप खरा असतो. पण त्या क्षणी त्या मुलीवर पुन्हा दहा वेळा अत्याचार झालेला असतो. शिवाय तो गुन्हा आहे. मुलांची अशी चित्रे नुसती पाहणे व जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पीडित मुलाची ओळख उघड करणे हाही पोक्सोखाली गुन्हा आहे. मोर्चाच्या फलकावर मुलीचा फोटो छापणाऱ्या माझ्या तरुण भावांनी हे नीट ऐकावे. तक्रार करताना पुरावा म्हणून फोन जसा आहे तसा पोलिसांकडे द्यायचा असतो. त्यातले काही पुसायचे नाही आणि कोणाला पाठवायचेही नाही.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिले आहे. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळते. तेव्हा संस्थेने काय करावे, एवढे बोलून थांबते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, असे कायदा म्हणतो. आपल्या किती शाळांत या जागांवर आपली माणसे बसली आहेत? बहुतेक ठिकाणी सहीसाठी रजिस्टर घरी येते. २०२२ पासून 'सखी सावित्री' समित्याही शाळांमध्ये स्थापन करावयाच्या आहेत. त्या कागदावर आहेत की बसतात, हे महिला मंडळाने आपल्या भागातील दोन-चार शाळांत जाऊन पाहावे. गावभर फिरण्याची जरुरी नाही. दोन शाळा पुरेत, पण त्यांत दर महिन्याला जावे.

आणि आपल्या अभ्यासिकेचे. संस्थेने अभ्यासिकेत पाच संगणक व दोन कॅमेरे बसविण्याचे ठरविले आहे, हे मघाशी अहवालात वाचून दाखविले. त्याचे स्वागत करते. त्या कामासाठी जी तिघांची समिती नेमली आहे तिच्यात एक विद्यार्थिनी घ्यावी, अशी सूचना मी मांडते. कॅमेरे दारावर व जिन्यावर असावेत, वाचनाच्या टेबलावर नसावेत. टेबलावर कोण कोणते पुस्तक वाचतो ते संस्थेने पाहण्याचे कारण नाही. चित्रीकरण किती दिवस ठेवणार व पासवर्ड कोणाकडे राहणार, ते एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. आणि अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर असून उतरण्यास जिना एकच आहे, त्याच्या तोंडाशी गेल्या भोजनदानाची मोठी पातेली व खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. मी येताना पाहिल्या. त्या कार्यक्रम संपल्यावर आजच हलवाव्यात. दहावीची मुले मदतीला आहेतच.